दम धरा

जयाबाईच्या घरात लग्नापासून आजवर दिवा कधी विझला नव्हता. नारळ फुटला नव्हता, बांगडी तडकली नव्हती, डब्यातले तांदूळ संपले नव्हते. म्हणजे चारचौघांच्या घरी होतं तसं हे सगळं तिच्याकडेही होतच होतं, पण तसं बोलायची सोय नव्हती. दिवा शांत करायचा, नारळ वाढवायचा, बांगडी वाढवली म्हणायचं, आणि डबा उपडा केला तरी तांदूळ वाढलेच म्हणायचे. बाहेर पडताना कुणी ‘जातो’ म्हणालं तर ती त्याला अंगणातून परत बोलावून ‘येतो’ म्हणायला लावी. वास्तू तथास्तु म्हणत असते आणि तिचे कान फार तिखट असतात, यावर जयाबाईचा पक्का विश्वास. आता जांबोटीच्या पुढं रानाच्या कडेला असलेल्या त्या घरात वास्तूनं कान देऊन ऐकावं असं काय मोठं बोलणं चालणार? पण जयाबाई जिभेला कुलूप घालूनच वावरायची.

तिचा नवरा रवळू तिची टिंगल करायचा. एकदा आषाढात ताटावर बसल्या बसल्या म्हणाला, "घरात रोज एवढं वाढतंय, मग मीच का वाळत चाललोय गं?"

"शुभ बोला की जरा!" जयाबाई खेकसली आणि तिनं मनातल्या मनात देवाला हात जोडले.

पण रवळू खरोखरच वाळत चालला होता. आधी भाकरीचा घास अडकायला लागला. मग भाकरी कुस्करून झाली, मग मऊ भात झाला, मग भाताची पेज. गणपती होऊन गेले आणि पेजसुद्धा घोटाघोटानं घ्यायची पाळी आली. लेक माधवी बेळगावात एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला. तिनं बापाला ओढूनच दवाखान्यात नेलं. आत दुर्बीण घालून बघितलं तर अन्ननलिकेत गाठ. त्या गाठीचं खरं नाव माधवीनं फोनवर घेतलं तेव्हा जयाबाईनं फोन कानापासून लांब धरला. त्या दिवसापासून घरात त्याला ‘ते’ म्हणायचं ठरलं.

‘ते’ काढता येईल, असं मोठे सर्जन म्हणाले. पण त्यासाठी छाती आणि पोट दोन्ही उघडावं लागणार, माणूस दिवसभर भुलीखाली राहणार. रवळूनं उभा जन्म बिड्या ओढलेल्या. "कापायला आम्ही तयार आहोत," सर्जन म्हणाले, "पण यांचं काळीज आणि फुप्फुसं एवढं सोसतील का, ते आधी बघून घेऊ." ते बघायची एक तपासणी होती. सायकलवर बसवून, तोंडाला मास्क लावून, माणसाचा श्वास मोजायचा.

"त्यातून एक आकडा निघतो आई," माधवीनं समजावलं. "अकराच्या वर गेला तर ऑपरेशन करतात."

"आणि खाली आला तर?"

माधवी आईचीच लेक. ती म्हणाली, "तर मग बघू."

त्या ‘बघू’चा अर्थ जयाबाईला कळला. तो तिच्या पोटात जाऊन बसला, आणि तपासणीच्या दिवशी बसमधून बेळगावात उतरेपर्यंत तिथून हलला नाही.

दवाखान्यातली ती खोली दुसऱ्या मजल्यावर होती. खोलीच्या मधोमध बिनचाकाची सायकल जमिनीला ठोकून बसवली होती. शेजारी एक पडदा, आणि पडद्यापासून सायकलीपर्यंत नळ्या आणि तारा. रवळूचा सदरा काढून त्याच्या छातीवर तारा चिकटवल्या तेव्हा जयाबाईला त्याच्या बरगड्या उजेडात पहिल्यांदाच नीट दिसल्या. तिनं नजर फिरवली.

तपासणी घेणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या ब्राह्मी मगदूम. निपाणीकडच्या, वय लहान, पण बोलायला मोकळ्या. त्यांचा मदतनीस बसवराज गोकाकाकडचा. त्याला मराठी कळायचं, पण तोंडातून कन्नडच यायचं. त्यानं रवळूच्या नाकातोंडावर मास्क बसवला, पट्टे डोक्यामागं बांधले, पडद्यावर नजर टाकली आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "म्याडम, उसिरु भाळ कडिमि ऐति."

जयाबाईचं कन्नड बाजारापुरतं. वांगी, मिरची आणि दर. एवढ्या मोठ्या वाक्यातला तिला एकच शब्द ओळखीचा वाटला. ती भिंतीला धरून स्टुलावर बसली.

"माधे," तिनं लेकीचा हात घट्ट पकडला, "उशीर झाला म्हणतोय गं त्यो. लई उशीर झाला."

"अगं आई, उसिरु! उसिरु म्हणजे श्वास. यंत्रात श्वास कमी येतोय म्हणतोय. मास्क सैल बसलाय."

बसवराजनं पट्टे आवळले आणि मान डोलावली. एवढंच होतं. पण जयाबाईचं काळीज जाग्यावर यायला वेळ लागला. जाग्यावर आलं तरी तो शब्द कानात तसाच राहिला. त्या भाषेत जो शब्द श्वासाला, त्याचा आपल्या भाषेत असा अर्थ व्हावा, हे काही चांगलं लक्षण नव्हे, असं तिला वाटलं.

डॉक्टरीणबाई रवळूच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. "अण्णा, सोपं आहे बघा. पायडल मारत राहायचं. मी हळूहळू चढ लावत जाणार. चढाला अंगाला जास्त हवा लागते की नाही? सुरुवातीला हवा पुरते. मग एका ठिकाणी पुरेनाशी होते. तिथनं पुढं अंग हवेशिवायचं जळण जाळायला लागतं. त्याचं आम्ल रक्तात उतरतं आणि ते बाहेर टाकायला श्वास एकदम वाढतो. तो कुठं वाढला तेवढं मला बघायचंय. तुम्ही श्वास मोकळा सोडायचा, धापा लागल्या तर लागू द्यायच्या. कळलं का?"

मास्कच्या आतून रवळूनं मान हलवली. फॉरेस्टवाल्यानं काही विचारलं की तो अशीच मान हलवायचा. बाई चांगलं मन लावून सांगत होत्या, पण नवराबायकोला त्यातलं कळलं ते एवढंच की ही दमाची परीक्षा आहे. आणि दमाच्या परीक्षेत दम लागला की नापास, हे कुणी सांगायला लागतं?

शिवाय रवळू म्हणजे दमाचा गडी. पंचक्रोशीत त्याची हाळी प्रसिद्ध होती. संध्याकाळी अंगणात उभा राहून तो एकच लांब ‘होऽऽ’ द्यायचा, आणि ओढ्यापलीकडच्या उतारावरून म्हशी माना वळवून घराची वाट धरायच्या. भाताचं पोतं पाठीवर घेतलं की घाटी चढून माथ्यावरच उतरायचं, मध्ये टेकायचं नाही. असा माणूस सायकलीला हरतो होय? जयाबाईनं स्वतःला असं समजावलं, आणि तरीही पदराचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून बोट पांढरं केलं.

सायकल सुरू झाली. पडद्यावर ठिपके उमटायला लागले, एका श्वासाला एक, मुंग्यांच्या ओळीसारखे वर चढत जाणारे. यंत्र टिकटिक करत होतं. चढ वाढत होता तो दिसत नव्हता, पण रवळूच्या मांड्यांवर दिसत होता. मानेच्या शिरा वर आल्या. मास्कच्या नळीतून सूं सूं आवाज यायला लागला, मग तो भरभर यायला लागला, आणि जयाबाईचा धीर सुटला. आता लागतोय, आता दम लागतोय, आता सगळं संपतंय, या विचारानं ती स्टुलावरून उठली आणि जोरात ओरडली:

"दम धरा! अवो, दम धरा!"

आता आपल्यात ‘दम धर’ हा काय शब्द आहे? बाळंतिणीला सुईण म्हणते दम धर. आखाड्यात वस्ताद म्हणतो दम धर. कोर्टात तारखांवर तारखा पडतात तेव्हा वकीलही म्हणतो दम धरा. त्यामुळं आजवर कुणी श्वास कोंडून बसलेलं ऐकिवात नाही. पण रवळूनं बायकोकडे बघितलं आणि खरोखरच दम धरला. सूं सूं एकदम थांबलं. पाय चालूच. मग जरासा श्वास, चोरून घेतल्यासारखा. मग पुन्हा बंद. पडद्यावरच्या मुंग्या वाट चुकल्या, भलतीकडेच विखुरल्या. बोटाला लावलेल्या चिमट्याचं यंत्र ओरडायला लागलं.

"थांबवा, थांबवा!" डॉक्टरीणबाईंनी चढ काढला. "अण्णा, श्वास घ्या! मोठा घ्या!"

मास्क काढला तेव्हा रवळूचे ओठ जांभळट झाले होते आणि तो हसत होता.

"निघाला का आकडा?" जयाबाईनं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला पडद्याजवळ नेलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण त्या शांतपणे बोलल्या. "आक्का, ही रेघ बघा. इथं कुठंतरी ती वळायला पाहिजे होती. त्या वळणावरच आकडा असतो. पण ऐन त्या जागी अण्णांनी श्वास दाबून धरला. आता यातून काहीच सांगता येत नाही."

"माझ्यामुळं झालं हे?"

"तुम्ही धीर द्यायला बोललात. पण त्यांनी शब्द धरला. तासभर विसावा घेऊ दे त्यांना. मग पुन्हा एकदा करू."

रवळू बाहेरच्या बाकावर भिंतीला टेकून बसला. जयाबाई शेजारी. माधवी चहा आणायला गेली. रवळूच्या कपाळावर घाम होता, पण चेहऱ्यावर कुस्ती मारल्याचा आनंद.

"बघितलंस न्हवं?" तो म्हणाला. "शेवटपतोर दम लागू दिला न्हाय."

शब्द तोलून तोलून वापरणाऱ्या बाईला शब्द ऐकूही तसेच येतात. ‘लागला न्हाय’ आणि ‘लागू दिला न्हाय’ यांत किती अंतर आहे ते जयाबाईला लगेच कळलं. खरं तर कळायचं काही राहिलंच नव्हतं. तिला सगळं ठाऊक होतं.

गेल्या दिवाळीपासूनच रवळूनं हाळी देणं सोडलं होतं. म्हशी म्हाताऱ्या झाल्या, त्यांना ऐकू येत नाही, असं म्हणून तो पत्र्याची थाळी बडवायचा. त्यांच्यातली रेडी काही म्हातारी नव्हती, पण जयाबाईनं तसं म्हटलं नाही. गोठ्यातून घरात येताना तो मध्येच गोठ्यामागं वळायचा. तिथं फणस आहे. फणसाला हात लावून तो उभा राहायचा आणि मग जो आवाज यायचा तो चुलीपाशी बसलेल्या जयाबाईला रोज ऐकू यायचा. आत आला की तो मुका असायचा, नाकानं सावकाश श्वास घेत, तोंड मिटून, कपाळाला घाम. "काय झालं?" असं तिनं एकदाही विचारलं नाही. उलट तो यायच्या वेळेला ती भांडी आपटायची, म्हणजे आपण ऐकलं असं त्याला वाटू नये. विचारलं की तो सांगणार. सांगितलं की बोललं गेलं. आणि बोललं गेलं की वास्तू आहेच टपलेली. मुळात भीती वास्तूची नव्हतीच. भीती ही होती की हा माणूस आपल्याला सोडून चाललाय. वास्तू निदान वर छपरात तरी असते, ही भीती तिच्या शेजारीच अंथरुणावर झोपायची.

"खरंच न्हाय ना लागत तुमास्नी दम?" तिनं आता विचारलं. विचारून झाल्यावर तिला स्वतःचंच आश्चर्य वाटलं.

"छ्या! मला कुठं लागतोय?" रवळू तिच्याकडे न बघता म्हणाला.

डॉक्टरीणबाई येऊन त्याला पुन्हा सगळं समजावून गेल्या. श्वास दाबू नका, लपवू नका, धापा टाकायलाच पाहिजेत. "व्हय बाई, व्हय," रवळू म्हणाला. तो ‘व्हय’ कसला होता ते जयाबाईला माहीत होतं. ती उठून बाईंच्या मागोमाग दारापर्यंत गेली.

"आता बी न्हाय सापडलं वळण, तर?"

"तर मला तसंच लिहावं लागेल, आक्का. आकडा मिळाला नाही म्हटलं की सर्जन धोका धरूनच चालतात."

"म्हंजे न्हाय म्हणतील."

"बहुतेक."

पुढचा प्रश्न विचारायला तिला दाराची चौकट धरावी लागली. "आणि सापडलं, पण अकराच्या खाली सापडलं तर?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बघितलं. "तर मग तेच खरं असेल," त्या म्हणाल्या.

हे तर आणखी वाईट होतं. लपवलं तरी मरण, दाखवलं तरी कदाचित मरणच. जयाबाईच्या मनात तो शब्द असा सरळ पहिल्यांदाच आला. तिनं जीभ चावली, पण मनातल्या शब्दाला जीभ चावून काय होणार? रवळूला हे लपवायचं अंगवळणीच पडलं होतं. बायको समोर असली की तोंड मिटायचं. आणि ती समोर नसली तरी दाराआड आहे हे त्याला कळणारच, मग तो तिथंही मिटून घेणार. बाईंनी कितीही सांगितलं तरी तो ऐकणार नाही. ज्या माणसापासून तो दम लपवत होता त्याच माणसानं सांगायला हवं होतं.

"मला त्यांच्याम्होरं उभं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

दुसऱ्या वेळेला सायकल सुरू झाली तेव्हा जयाबाई हँडलपाशी उभी होती. माधवी दारात. मास्कवर नुसते रवळूचे डोळे दिसत होते आणि ते तिच्याकडेच बघत होते. हसत होते. काही नाही गं, काही होत नाही मला, असं म्हणत होते. त्या हसण्याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली. ‘ते’ आतून खात असताना हा माणूस महिनोन्‌महिने असाच हसत तिच्यासमोर बसला होता, आणि तीही त्याला पेज वाढत होती.

चढ लागला. मुंग्या वर निघाल्या. सूं सूं वाढलं. वाढलं, आणि जिथं आणखी वाढायला हवं होतं तिथं अडलं. रवळूचा गळा हलला. त्यानं श्वास गिळला.

"म्याडम, उसिरु हिडदार री," त्यानं श्वास धरलेला बघून बसवराज म्हणाला.

"अण्णा, मोकळा! मोकळा सोडा!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रवळूनं मान डोलावली आणि सोडला नाही. तो बायकोकडे बघत राहिला.

जयाबाईनं तोंड उघडलं. पण म्हणायचं काय? ‘दम घ्या’ म्हणावं तर तो पाय थांबवून विसावा घेणार, कारण दम घेणं म्हणजे तेच. धरा म्हणून तर आधीच वाटोळं झालेलं. राहिला एकच शब्द. तो शब्द तिनं जन्मात उच्चारला नव्हता. तिच्या सासऱ्यानं पहाटे दम सोडला असं शेजारणी म्हणाल्या होत्या, तेव्हासुद्धा ती ‘मामंजी देवाघरी गेले’ एवढंच म्हणाली होती. नवऱ्याच्या तोंडावर, बायकोनं, तो शब्द? नाही. मग तिला एकदम सुचलं. कन्नडमध्ये म्हणावं! कन्नडमध्ये म्हटलं तर जांबोटीच्या वास्तूला काय कळणार आहे? ‘सोडा’ला ‘बिड्री’ म्हणतात, एवढं तिला बाजारातल्या घासाघिशीतून ठाऊक होतं.

"उसिरु बिड्री!" ती ओरडली. "अवो, उसिरु बिड्री!"

रवळूच्या भुवया वर गेल्या. नवराबायकोचं कन्नड एकाच बाजारातलं. त्यानं ऐकलं ते ‘उशीर’. उशीर होतोय म्हणतीये ही! तो हँडलवर वाकला आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून पायडल मारायला लागला. तोंड मिटलेलंच. मानेची शीर दोरीसारखी ताणली. बोटाच्या चिमट्यानं पहिली हाक दिली. एरवी कुणीही हसलं असतं. त्या खोलीत कुणी हसलं नाही.

जयाबाईला दिसत होतं, आता बाई हात वर करून थांबवणार. थांबवलं की संपलं. मग कागदावर ‘मिळाला नाही’ असं लिहिणार आणि हा माणूस तिच्याबरोबर बसमध्ये बसून घरी येणार, थाळी बडवणार, फणसाला हात लावून उभा राहणार, आणि ती भांडी आपटत बसणार, एक दिवस आपटायची गरज उरणार नाही तोवर.

"दम सोडा!" ती किंचाळली.

"आई!" माधवी दारातून ओरडली. तीही त्याच वास्तूत वाढलेली.

"सोडा दम! सोडा म्हणते न्हवं! कुणापासनं लपवताय? मला ठावं हाय सगळं. थाळी का बडवताय ते ठावं हाय. फणसाला हात लावून उभं ऱ्हाताय ते बी ठावं हाय. रोज ऐकलंय मी, रोज! भांडी आपटून आपटून ऐकलंय. माझ्याम्होरं आता काय झाकू नगासा. सोडा!"

रवळूच्या डोळ्यांतलं हसू विझलं. विझलंच, त्याला दुसरा शब्द नाही. क्षणभर त्याचे पाय अडखळले. तो तिच्याकडे बघत होता, आणि महिनोन्‌महिने दोघांनी मिळून उभी केलेली भिंत त्या नजरेत खाली आली.

मग त्यानं सोडला.

तो आवाज जयाबाईनं चुलीपासून ऐकला होता, मध्ये गोठा होता, भिंत होती, भांड्यांचा दणदणाट होता. इतक्या जवळून कधीच ऐकला नव्हता. फाटक्या भात्यातून निघावा तसा तो आवाज छातीच्या तळातून येत होता, एकावर एक, एकावर एक, मध्ये श्वासाला उसंत नाही. मास्क आतून पांढरा झाला. रवळूचे खांदे वरखाली होत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते घामाचं होतं की कशाचं ते विचारण्यात अर्थ नव्हता. जयाबाईला कान झाकून घ्यावेसे वाटले. पळून जावंसं वाटलं. एवढा आजारी आहे हा, एवढा, आणि आपण याला एकट्याला झाडाला धरून उभं केलं! ती जागची हलली नाही. तिनं हँडलवरच्या त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवली.

"सोडा," ती हळूच म्हणत राहिली. "सोडा. ऐकते मी. सोडा."

"येऊ दे अण्णा, अस्संच येऊ दे," डॉक्टरीणबाई पडद्यावर डोळे लावून म्हणाल्या. मुंग्यांची ओळ चढत चढत एका जागी आली, आणि तिथून स्पष्ट वर वळली. "बसवराज, बघ. सापडलं!"

चढ काढला, मास्क काढला. रवळूनं हँडलवर डोकं टेकलं आणि तो तोंड उघडं टाकून धापा टाकत राहिला. लपवायचं त्यानं सोडून दिलं होतं. जयाबाई पदरानं त्याची मान पुसत होती आणि पडद्यासमोर बसलेल्या बाईंच्या पाठीकडे बघत होती. बाई काहीतरी मांडत होत्या, पुसत होत्या, पुन्हा मांडत होत्या. ती पाठ वळेना. अकरा, अकरा, अकरा, एवढंच जयाबाईच्या डोक्यात चाललं होतं. आपण बोललो. जन्मात पहिल्यांदा बोललो. वरून कुणी तथास्तु म्हटलं असेल तर?

बाई वळल्या. "अकरा पॉइंट सहा," त्या म्हणाल्या. "फार वर नाही आक्का, पण वर आहे."

"म्हंजे करतील?"

"करतील. धोका आहे, ते मी खोटं सांगणार नाही. पण करतील."

माधवी दाराला टेकून रडायला लागली. जयाबाईला रडू आलं नाही. सकाळपासून जे मागत होती ते पदरात पडलं होतं. करतील म्हणजे कापतील. छाती उघडतील, ती छाती, जिच्यातून आत्ता तो आवाज आला. भीती काही गेली नाही, तिनं नुसती कूस बदलली.

लिफ्टसमोर स्ट्रेचर घेऊन माणसं उभी होती. "जिन्यानंच जाऊ की," रवळू सवयीनं म्हणाला. माधवी रिक्षा बघायला पुढं पळाली. अर्धा जिना उतरल्यावर वळणावर रवळू थांबला. एरवी तो अशा वेळी चपलेचा पट्टा नीट करायला वाकला असता, नाहीतर खिडकीतून रस्त्यावर काहीतरी बघायला लागला असता. आज त्यानं जयाबाईचा खांदा धरला. येणारीजाणारी माणसं बघत होती. त्यांच्यासमोर तो तोंड उघडं टाकून, छातीवर हात ठेवून, मोठमोठ्यानं धापा टाकत उभा राहिला.

"थांब जये," तो म्हणाला. "जरा दम खाऊ दे."

कितीतरी दिवसांत त्याच्या घशाखाली धड घास उतरला नव्हता. जयाबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"खावा," ती म्हणाली. "सावकाश खावा. पोटभर खावा."